भूक आठवीनंतरही लागते

महाराष्ट्रातल्या बहुतेक अनुदानित माध्यमिक शाळा पाचवी ते दहावीच्या. एकच इमारत, एकच मैदान, एकच घंटा. मधल्या सुट्टीची घंटा झाली की पाचवी ते आठवीची मुले ताटे घेऊन ओळीने बसतात आणि स्वयंपाकी मावशी खिचडी, वरणभात किंवा मटकीची उसळ वाढत जातात. त्याच वेळी त्याच व्हरांड्यातून नववी-दहावीची मुले डबा असेल तर डबा घेऊन, नसेल तर हात हलवत मैदानाकडे जातात. गेल्या एप्रिलपर्यंत जी मुलगी याच ओळीत बसून जेवत होती, तिला जूनमध्ये नववीच्या वर्गात गेल्याबरोबर ताट मिळणे बंद होते. मधल्या दोन महिन्यांत तिच्या घरची परिस्थिती सुधारलेली नसते, वडिलांची मजुरी वाढलेली नसते. बदललेला असतो तो हजेरीपटावरचा इयत्तेचा आकडा. शालेय पोषण आहाराची ही आठवीची सीमारेषा कोणत्याही आहारशास्त्राने आखलेली नाही. कायदे आणि योजनांच्या सोयीने ती पडली आणि तशीच राहिली. ती दहावीपर्यंत पुढे सरकवणे हे आज राज्याला सहज परवडणारे आणि सर्वांत निकडीचे काम आहे.

ही रेषा आली कुठून, हे आधी पाहिले पाहिजे. शाळेत जेवण देण्याची कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. मद्रास महापालिकेने १९२० साली आपल्या एका शाळेत ती सुरू केली. पुढे कामराज मुख्यमंत्री असताना १९५०च्या दशकात ती मद्रास राज्यभर पसरली आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिला मोठे रूप दिले. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ची. ती प्राथमिक वर्गांपुरती होती आणि बहुतेक राज्यांत शिजवलेल्या अन्नाऐवजी महिन्याला तीन किलो धान्य घरी नेण्यापलीकडे ती गेली नाही. महाराष्ट्रातही अनेक वर्षे शाळेतून तांदळाच्या पिशव्याच घरी जात. २८ नोव्हेंबर २००१ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की धान्य वाटून भागणार नाही. शाळेत शिजवलेले, किमान ३०० उष्मांकांचे आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनांचे जेवण वर्षातून किमान २०० दिवस द्या. त्या आदेशानंतर खऱ्या अर्थाने चुली पेटल्या. २००८-०९ पासून सहावी ते आठवीची मुले देशभर योजनेत आली आणि २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण हक्क म्हणून मान्य केले. मात्र त्या कायद्यात ‘आठवीपर्यंत किंवा सहा ते चौदा वयापर्यंत’ असे शब्द आहेत, कारण शिक्षणहक्क कायदाही चौदाव्या वर्षाशीच थांबतो. मोफत पाठ्यपुस्तके आणि गणवेश देणाऱ्या योजनाही आठवीशीच हात आखडतात. २०१६च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली, पण चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक नसलेल्या कामांची मुभा ठेवली. म्हणजे चौदावे वर्ष सरले की शिक्षणाचा हक्क संपतो, जेवण संपते आणि मजुरीची वाट कायदेशीरपणे मोकळी होते. गरीब घरातल्या मुलाने शाळा सोडावी यासाठी कोणी मुद्दाम वेळापत्रक आखले असते, तरी ते याहून वेगळे झाले नसते.

आता शरीराचा हिशेब पाहू. वाढीचा दुसरा मोठा झपाटा किशोरवयात येतो. या काही वर्षांत उंची, हाडे, स्नायू आणि रक्त यांची जी भर पडायची ती पडते; राहून गेली तर पुढे भरून काढणे अवघड असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार दहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २,२२० उष्मांक लागतात, तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला २,८६०, आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला ३,३२०. म्हणजे ज्या वयात गरज सर्वांत वेगाने चढते, त्याच वयात सरकार ताट काढून घेते. मुलींच्या बाबतीत मासिक पाळी सुरू झाल्याने लोहाची गरज वाढते, आणि घरात शेवटी उरलेले खाण्याची वेळ बहुधा त्यांच्यावरच येते. २०१६ ते २०१८ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयोगटातल्या ४० टक्के मुलींमध्ये आणि १८ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. जवळपास एक चतुर्थांश किशोरवयीन मुले-मुली वयाच्या मानाने किडकिडीत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींमधले रक्तक्षयाचे प्रमाण देशात ५९ टक्के निघाले.

सरकारला हे ठाऊक नाही असे नव्हे. २०१३ पासून शाळांमधून किशोरवयीन मुला-मुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी दिली जाते. ही गोळी जेवणानंतर घ्यावी, रिकाम्या पोटी घेऊ नये, अशी सूचना आहे, कारण उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, पोटात दुखते आणि मुले पुढच्या आठवड्यात गोळी हातात घेऊन गुपचूप खिडकीबाहेर टाकतात. सातवीतल्या मुलीला ही गोळी जेवणाच्या ताटानंतर मिळते. नववीतल्या मुलीला गोळी मिळते, ताट मिळत नाही. घरून सकाळी चहाच्या कपावर निघालेल्या मुलीने ती कशावर घ्यावी, याचे उत्तर कोणत्याच परिपत्रकात नाही. हीच विसंगती इतर योजनांतही दिसते. खेड्यातल्या मुलींना शाळेत आणण्यासाठी राज्य एसटीचा मोफत पास देते. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देते. मुलीला पाच किलोमीटरवरून शाळेपर्यंत आणण्याचा खर्च आपण उचलतो आणि ती तिथे पोहोचल्यावर दिवसभर उपाशी बसते, याकडे मात्र पाठ फिरवतो.

गळती नेमकी कुठे होते, हे पाहिले की आठवीच्या रेषेचे गांभीर्य आणखी उघड होते. केंद्र सरकारच्याच शालेय माहिती प्रणालीनुसार २०२१-२२ मध्ये देशात प्राथमिक स्तरावर गळती १.५ टक्के, उच्च प्राथमिकला ३ टक्के आणि माध्यमिकला १२.६ टक्के होती. २०२४-२५ मध्ये माध्यमिकचा आकडा ८.२ टक्क्यांवर आला, पण त्याच्या आधीच्या स्तरावरची गळती ३.५ टक्के होती. माध्यमिकची गळती खाली आली आहे, स्तरागणिक तिचा चढता क्रम मात्र बदललेला नाही. मुले शाळा सोडतात ती प्रामुख्याने नववीच्या उंबरठ्यानंतर. जेवण बंद होते म्हणूनच ती सोडतात, असा दावा कोणी करू नये. दूरची शाळा, नापास होण्याची भीती, घरची कामे, लग्न, मजुरी अशी अनेक कारणे एकत्र येतात. पण या सगळ्या ओढींच्या विरुद्ध शाळेच्या पारड्यात जे थोडेफार वजन असते, त्यातलेच एक आपण नेमके त्याच वेळी उचलून घेतो.

याचे सर्वांत कठोर रूप मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात दिसते. दिवाळीच्या आसपास बीड, परभणी, जालना या भागांतून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे राहिलेल्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे चालवली जातात. ती वेळेवर सुरू होणे, निधी मिळणे, जेवण नीट मिळणे या प्रत्येक टप्प्यावर अडचणी आहेत, तरीही लहान मुलांसाठी काहीतरी सोय असते. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी मात्र कुटुंबासमोर अवघड प्रश्न उभा करते. तिला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, तिच्या जेवणाचे काय, आणि सोबत न्यायची तर कामाला हात म्हणूनच न्यायची. लग्न लावून दिले की दोन प्रश्न एकदम सुटतात आणि एक नवा कोयता उभा राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के. शाळेतले एक जेवण हे चक्र एकट्याने थांबवेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही घरात कोणी मोठे नसताना मुलीला दिवसाचे एक पूर्ण जेवण खात्रीने मिळणार असेल, तर आजीच्या भरवशावर तिला गावात ठेवणे शक्य होते. अशा कुटुंबासाठी हा फरक लहान नसतो.

शाळेतल्या जेवणाचा खरोखर उपयोग होतो का, हा प्रश्न आता अंदाजावर सोडण्याची गरज नाही. अर्थतज्ज्ञ फरजाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात केलेल्या अभ्यासात दिसले, की शाळेत जेवण मिळते म्हणून घरी मुलाच्या वाट्याचे अन्न कमी केले जात नाही. त्याच्या रोजच्या आहारात खरीच भर पडते आणि प्रथिनांची तूट जवळजवळ भरून निघते. आंध्र प्रदेशातल्या एका अभ्यासाने दाखवले, की दुष्काळात जन्मलेल्या किंवा वाढलेल्या लहान मुलांच्या शरीरावर झालेला परिणाम पुढे शाळेतल्या जेवणाने बऱ्याच अंशी भरून निघाला. दुष्काळ पाचवीला पुजलेल्या मराठवाड्याने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांनी देशभरातल्या मुलांच्या वाचन-गणिताच्या चाचण्या तपासल्या. ज्यांना प्राथमिक शाळेत पाच वर्षांपर्यंत जेवण मिळाले, त्यांचे वाचनाचे गुण एक वर्षाहून कमी काळ जेवण मिळालेल्यांपेक्षा १८ टक्के अधिक होते, गणिताचे ९ टक्के अधिक. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास तर पुढच्या पिढीपर्यंत जातो. ज्या मुलींना शाळेत असताना जेवण मिळाले, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने चांगली भरली. संशोधकांनी त्यामागे आईचे वाढलेले शिक्षण, मर्यादित अपत्ये आणि आरोग्यसेवेचा अधिक वापर असा मार्ग दाखवला आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. हे अभ्यास बहुतांशी लहान मुलांचे आहेत; नववी-दहावीलाही असाच परिणाम होईल, हे कशावरून? आक्षेप खरा आहे आणि म्हणून लहान मुलांचे आकडे जसेच्या तसे मोठ्यांना चिकटवू नयेत. पण शेवटच्या अभ्यासात जो मार्ग दिसतो, म्हणजे मुलगी अधिक काळ शिकणे, तिचे लग्न आणि बाळंतपण लांबणे, तो प्रत्यक्षात नववी ते बारावीच्या वर्षांतूनच जातो. आठवीपर्यंत जेवण देऊन आपण ती वाट खुली करतो आणि ऐन वळणावर सोबत सोडतो. शिवाय भुकेल्या मुलाचे दुपारच्या तासाला लक्ष लागत नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला लागू असेल तर पंधरा वर्षांच्या मुलाला का लागू नसावे, याचे कारण आक्षेप घेणाऱ्यांनी सांगायला हवे.

इतर राज्यांनी या उत्तराची वाट पाहिलेली नाही. तमिळनाडूने १९८४ मध्येच ही योजना पंधरा वर्षांच्या मुलांपर्यंत नेली. कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा ही आपली शेजारची किंवा जवळची राज्ये नववी-दहावीच्या जेवणाचा खर्च वर्षानुवर्षे स्वतःच्या तिजोरीतून करत आहेत. आंध्रने जानेवारी २०२५ पासून सरकारी कनिष्ठ महाविद्यालयांतही जेवण सुरू केले. तमिळनाडूने तर सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत सकाळच्या न्याहारीला सुरुवात केली आणि टप्प्याटप्प्याने ती राज्यभर नेली. म्हणजे सोलापूर किंवा नांदेडच्या सीमेवरच्या गावातली नववीतली मुलगी उपाशी असते, आणि काही किलोमीटर पलीकडे, राज्याची हद्द ओलांडली की, तिच्याच वयाची, तशाच घरातली मुलगी शाळेत जेवते. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था यांपैकी कोणत्याही राज्यापेक्षा लहान नाही.

पैशाचा हिशेब मांडल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. मे २०२५ पासून डाळ, भाजी, तेल, मसाले आणि इंधन यांसाठी केंद्राने ठरवलेला दर पहिली ते पाचवीसाठी प्रत्येक जेवणामागे ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे आहे, तांदूळ वेगळा. हाच दहा रुपयांचा दर नववी-दहावीला लावला आणि वर्षाचे २२० दिवस धरले, तर एका मुलामागे वर्षाला सुमारे २,२४० रुपये लागतात. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला दरवर्षी साधारण १६ लाख विद्यार्थी बसतात. नववी-दहावी मिळून ३० लाखांच्या वर मुले झाली. त्यातली विनाअनुदानित आणि महागड्या शाळांतली मुले वगळून २० लाख मुलांना जेवण द्यायचे असे गृहीत धरू. साहित्याचा खर्च सुमारे ४५० कोटी रुपये होतो. रोज दीडशे ग्रॅम तांदूळ म्हणजे वर्षाला ६६ हजार टन. किलोला ४० रुपये धरले तर २६५ कोटींच्या आसपास. शंभर मुलांमागे एक जादा स्वयंपाकी, महिन्याला अडीच हजार रुपये मानधन आणि दहा महिने असे धरले तर आणखी ५० कोटी. सगळे मिळून साडेसातशे ते आठशे कोटी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी रुपये ठेवले गेले, म्हणजे दिवसाला जवळपास १०० कोटी. त्या योजनेच्या सुमारे आठ दिवसांच्या खर्चात राज्यातली नववी-दहावीची मुले वर्षभर जेवू शकतात. आईच्या खात्यात पैसे जाऊ नयेत, असा याचा अर्थ नाही. आठशे कोटी नाहीत असे सांगणाऱ्याला मात्र हा आकडा दाखवावा लागतो.

हिशेब दाखवला की तत्त्वाचा प्रश्न पुढे येतो. मुलांना खाऊ घालणे ही आईबापांची जबाबदारी. सरकारने ती घेतली तर लोक आळशी होतील, असे म्हणणारे कमी नाहीत. महाराष्ट्राचा शैक्षणिक इतिहास या युक्तिवादाच्या बाजूने उभा राहत नाही. पेशवाईपासून विसाव्या शतकापर्यंत गरीब विद्यार्थी वार लावून किंवा माधुकरी मागून शिकले. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवणारी मुले पुढे वकील, प्राध्यापक, संपादक झाली. ती सोय प्रामुख्याने ब्राह्मण मुलांपुरती होती, म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारायला सुरुवात केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवून, एका पंगतीत जेवू घालून शिकवायला सुरुवात केली आणि त्या मुलांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. बहुजन समाजाची पहिली शिकलेली पिढी त्या वसतिगृहांच्या भाकरीवर वाढली. ती मुले किंवा त्यांचे आईबाप आळशी झाले, असे कोणी म्हणत नाही. ज्ञानाआधी अन्न लागते हे या राज्याने आधीच ओळखले होते. नववीच्या मुलासाठी ते आजही तितकेच खरे आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी वाटतो. सगळ्यांना कशाला, फक्त गरिबांना द्या. किंवा जेवणाऐवजी पैसे खात्यात टाका. फक्त गरिबांना द्यायचे तर कोणाला गरीब ठरवायचे, हा प्रश्न आधी येतो आणि त्याची किंमत मुले मोजतात. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे उत्पन्नाच्या मर्यादेवर मोफत जेवण ठरत असे. मर्यादेच्या थोडे वर असलेली, कष्टाने कसेबसे भागवणारी कुटुंबे त्यात वगळली जात आणि जेवणारी मुले वर्गात ओळखू येत. अखेर लंडनच्या महापौरांनी २०२३ पासून सरकारी प्राथमिक शाळांतल्या सर्वच मुलांना जेवण दिले, आणि सरकारनेही २०२५ मध्ये पात्रता वाढवण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला मिळवण्यासाठी तलाठी कार्यालय आणि सेतू केंद्राच्या किती चकरा माराव्या लागतात, हे वाचकांना सांगायला नको. ज्या घरात मूल सर्वांत उपाशी असते, तिथेच बहुधा कागद नसतात. खात्यात पैसे टाकण्याचा अनुभवही ताजा आहे. कोविडच्या काळात २०२१ मध्ये उन्हाळी सुट्टीच्या धान्याऐवजी राज्यातल्या मुलांना पैसे देण्याचे ठरले. पहिली ते पाचवीच्या मुलाला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीच्या मुलाला २३४ रुपये. त्यासाठी मुलाच्या नावाने बँक खाते हवे होते, आणि ते काढायला पालकांचा एक रोज बुडत होता, शिवाय खात्यात ठेवायला पाचशे-हजार रुपये लागत होते. ताटात पडलेली उसळ मुलाच्या पोटात जाते. खात्यात पडलेले दीडशे रुपये कुठे जातील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. आहे तेच जेवण नीट देता येत नाही, मग आणखी वाढवायचे कशाला? २०१३ मध्ये बिहारमधल्या गंडामन गावात शाळेच्या जेवणात कीटकनाशक मिसळले गेले आणि २३ मुले दगावली. महाराष्ट्रातही निकृष्ट तांदळाच्या, अळ्या निघालेल्या डाळीच्या बातम्या अधूनमधून येतात. जेवण चांगले करण्याच्या घोषणा आणि निधी यांचे नातेही धरसोडीचे आहे. २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले, आणि २०२५च्या सुरुवातीला अंडे आणि गोड पदार्थाचा खर्च शाळांनी लोकसहभागातून करावा असे सांगून सरकार बाजूला झाले. स्वयंपाकी महिलांना केंद्राकडून मिळणारे मानधन २००९ पासून महिन्याला हजार रुपयेच आहे. राज्याने भर घातली तरी ते अडीच हजारांच्या पुढे जात नाही. भाजी-फोडणीची बिले महिनोन्महिने अडकतात आणि मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून उसनवारी करतात. हे सगळे खरे आहे, आणि याचा निष्कर्ष असा निघतो की दर वाढवा, मानधन वाढवा, बिले वेळेवर द्या, तपासणी कडक करा. जेवण थांबवा असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. रेशनमध्ये भ्रष्टाचार झाला म्हणून आपण रेशन बंद केले नाही.

याच मुद्द्याशी शिक्षकांची तक्रार जोडलेली आहे, आणि ती सहानुभूतीने ऐकायला हवी. आम्ही शिकवायचे की खिचडीचा हिशेब लिहायचा, असा त्यांचा सवाल असतो. रोजची उपस्थिती ऑनलाइन भरणे, तांदळाचा साठा मोजणे, चवीची नोंद ठेवणे, किराणा आणणे यांत एका शिक्षकाचा बराच वेळ जातो. त्यावर उपाय जेवण नाकारण्यात नाही. मोठ्या शाळांत या कामासाठी अर्धवेळ लेखनिक देता येईल, आणि शहरांत मध्यवर्ती स्वयंपाकगृहांवर कडक देखरेख ठेवता येईल. गावांत बचत गटांना पूर्ण जबाबदारी आणि वेळेवर पैसा दिला, तर शिक्षक पुन्हा फळ्याकडे वळू शकतात. पाचवी ते दहावीच्या शाळांत तर स्वयंपाकघर, भांडी, धान्याची कोठी आणि स्वयंपाकी आधीपासूनच आहेत. नववी-दहावीसाठी तिथे नवी योजना उभारायची नाही. चालू चुलीवर मोठे पातेले चढवायचे आहे.

राहता राहिला मोठी मुले शाळेतले जेवण खातील का हा प्रश्न. काहींना लाज वाटेल, काही डबा आणतील, काहींना चव आवडणार नाही. सक्ती कोणावरच नाही. शेजारच्या राज्यांत या वयाची मुले जेवतात, आणि सर्वांसाठी एकच जेवण असले की गरिबीचा शिक्का कोणावर बसत नाही. जी मुले खाणार नाहीत त्यांच्यामुळे खर्च उलट कमीच होईल. ज्यांना खरोखर गरज आहे ती खातील.

त्यामुळे मागणी सोपी आणि नेमकी आहे. केंद्राची सध्याची पोषण योजना २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी मंजूर झाली होती. पुढची आखणी करताना त्या योजनेत आणि अन्नसुरक्षा कायद्यात ‘आठवी’च्या जागी ‘दहावी’ हा शब्द घालावा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० तीन ते अठरा वयाच्या मुलांच्या शिक्षणाची भाषा करते आणि दुपारच्या जेवणासोबत न्याहारीचीही शिफारस करते. आठवीची रेषा त्या धोरणातही बसत नाही. केंद्र हलेपर्यंत महाराष्ट्राने थांबण्याचे कारण नाही. राज्याने स्वतःच्या निधीतून पहिल्या वर्षी ऊसतोड मजुरांचे तालुके, आदिवासी भाग आणि मानव विकास कार्यक्रमाचे तालुके घ्यावेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत सर्व सरकारी आणि अनुदानित शाळांमधल्या नववी-दहावीला जेवण द्यावे. अंड्याचा आणि गोड पदार्थाचा खर्च लोकवर्गणीवर न ढकलता अर्थसंकल्पात स्वतंत्र धरावा, आणि स्वयंपाकी महिलांचे मानधन दरवर्षी महागाईनुसार वाढवावे.

वाचकांनीही यात काहीतरी करायला हवे. आपल्या गावच्या किंवा वस्तीतल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाऊन नववी-दहावीच्या किती मुलांकडे डबा नसतो, एवढे विचारावे; त्या आकड्याचा ठराव करून तो ग्रामसभेत, नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे द्यावा. तमिळनाडूने हे काम १९८४ मध्ये केले. महाराष्ट्राने ते अजून केलेले नाही, आणि त्याला पैशाची अडचण आहे असे म्हणायला जागा उरलेली नाही.